लहान, पण ठणठणीत?

तुम्ही ब्रिटनमध्ये राहत असाल तर स्वयंपाकघरातली 'व्हेजिटेबल ऑइल' असं लिहिलेली बाटली हातात घ्या आणि मागचा बारीक मजकूर वाचा. बहुतेक बाटल्यांवर घटक एकच असतो: रेपसीड. आपल्या मोहरीचा हा चुलतभाऊ. एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून जी पिवळीधमक शेतं दिसतात, ती याची. आपली मंडळी त्या शेतांसमोर उभी राहून 'दिलवाले दुल्हनिया' छापाचे फोटो काढतात. दिवाळीच्या चकल्या, रविवारची भजी, रोजची फोडणी, सगळं याच पिवळ्या शेतांतून आपल्या कढईत येतं.

मला तुमच्याशी बोलायचं आहे ते या शेतात शिरणाऱ्या एका माशीबद्दल. आणि तिच्या निमित्तानं एका जुन्या, अजून न मिटलेल्या प्रश्नाबद्दल. कमी मिळालं म्हणून जो लहान राहिला, आणि लहान राहूनही नीट जगला, त्याचं काही नुकसान झालं असं म्हणायचं का?

माशीचं नाव बंबलबी. मराठीत तिला शब्द नाही, कारण महाराष्ट्रात ती नाहीच. भारतात तिच्या जाती आहेत त्या हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत. आपल्याकडे आग्या, सातेरी, फुलोरी या मधमाश्या. लाकूड पोखरणारा काळा भुंगा दिसायला तिच्या जवळचा, पण त्याचं घराणं वेगळं. तेव्हा उगाच नवा शब्द घडवत बसण्यापेक्षा मी बंबलबीच म्हणते. इथे बागेत अंगावर फर घातल्यासारखी, गुबगुबीत, मोठ्यानं गुणगुणणारी जी माशी तुम्ही पाहता, तीच ही.

तिचं वर्ष असं असतं. जमिनीखाली एकटीनं हिवाळा काढलेली राणी फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेर येते. उंदरानं सोडलेलं एखादं बीळ शोधते, त्यात मेणाचं इवलंसं भांडं करून मध साठवते, परागाच्या गोळ्यावर अंडी घालते आणि खुडूक कोंबडीसारखी त्यांवर बसून पोटाची ऊब देते. पहिल्या कामकरी मुली तयार झाल्या की बाहेरची ये-जा त्यांच्याकडे जाते. इथल्या सगळ्यात ओळखीच्या जातीच्या, म्हणजे बदामी शेपटीच्या बंबलबीच्या, वसाहतीत भर उन्हाळ्यात काही शे माश्या असतात. उन्हाळा सरताना नव्या राण्या आणि नर जन्मतात. थंडी पडेपर्यंत म्हातारी राणी, कामकरी, नर, सगळे मरून जातात. मीलन झालेल्या नव्या राण्या तेवढ्या मातीत शिरतात.

मधमाशीसारखं हिवाळाभर पुरणारं कोठार बंबलबीकडे नसतं. भांड्यांतला मध थोड्या दिवसांचाच. सलग काही दिवस पाऊस लागला किंवा आसपासची फुलं संपली की घर उपाशी. हातावर पोट असलेलं कुटुंब म्हणतात ते हेच. म्हणून तिला एकदम खूप फुलं असून भागत नाही. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत रोज, थोडी का होईना, फुलं हवीत, आणि ती उडून जाऊन परत येता येईल इतक्या अंतरावर हवीत.

आता आकाराचं. कोषातून बाहेर पडलेली माशी वाढत नाही. अळी असताना जेवढं पोटात गेलं तेवढीच ती, जन्मभर. एकाच घरट्यातल्या, एकाच आईबापाच्या सख्ख्या बहिणींमध्ये वजनाचा फरक दहापटींपर्यंत असू शकतो. आपण ज्याला 'हाडापेरानंच लहान' म्हणतो तो प्रकार इथे फारसा नाही. फरक मुख्यतः भरवण्याचा आहे. ॲरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी एका अमेरिकन जातीवर काम करून २००९ साली दाखवलं, की घरट्याच्या मध्यभागी वाढलेल्या अळ्यांच्या माश्या सरासरीनं मोठ्या निघतात आणि कडेला वाढलेल्यांच्या लहान. हे वाचताना मला पंगत आठवली. वाढपी पहिल्या पानापासून निघतो. शेवटच्या पानापर्यंत श्रीखंड पोचतं की नाही हे आधीच्या पानांवर ठरतं. आणि सगळ्यांत शेवटी, सगळं आटोपल्यावर, कोण बसायच्या ते तुम्हाला माहीत आहे.

मोठ्या बहिणी साधारणपणे बाहेरचं काम करतात, लहान घरातलं. मोठी माशी तासाला जास्त मकरंद आणते. तिचे डोळे मोठे असल्यामुळे पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अंधूक उजेडातही तिला फुलं सापडतात. अंगात ऊब टिकत असल्यानं ती गार हवेतही उडते. ब्रिटिश उन्हाळा कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको.

मग भोवतालच्या शेतीचा या आकाराशी संबंध काय? दक्षिण स्वीडनमधल्या स्कोना प्रांताचा काही भाग म्हणजे सपाट, सुपीक, क्षितिजापर्यंत पसरलेली शेतं, आणि काही भाग कुरणं, झाडोरा, कुंपणं यांच्या तुकड्यातुकड्यांनी भरलेला. लुंडच्या संशोधकांनी बदामी शेपटीच्या बंबलबीवर केलेला अभ्यास २०११ साली छापून आला. मिश्र भूभागातल्या वसाहतींमधून बाहेर पडणाऱ्या कामकरी माश्या एकसुरी शेतीच्या भागातल्या माश्यांपेक्षा मोठ्या होत्या. जात तीच. फरक भोवतीच्या ताटाचा.

पिवळ्या रेपच्या शेतानं हे ताट भरत नाही का? चार-पाच आठवडे भरतं, आणि ओसंडून भरतं. जर्मनीत ग्यॉटिंगनच्या परिसरात केलेल्या कामातून २००९ साली दिसलं ते असं: रेपच्या सान्निध्यातल्या वसाहती सुरुवातीला भराभर वाढल्या, पण हंगामाच्या शेवटी नव्या राण्या आणि नर निर्माण करण्यात त्याचा काही लाभ दिसला नाही. ज्यांनी दुष्काळी तालुक्यात एक चांगलं वर्ष पाहिलंय त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. सुकाळात घर वाढवलं, पोरं झाली, आणि जूनमध्ये पिवळं सगळं झडून हिरवं झालं. त्या हिरव्यात गहू आणि सातू. दोघांच्याही फुलांत मकरंद नाही. डोळ्यांना ती शेतं किती समृद्ध दिसतात! माशीच्या दृष्टीनं ते वाळवंट.

मग तिला लांब जावं लागतं. हर्टफर्डशायरमधल्या रोथमस्टेड या जुन्या शेती-संशोधन केंद्राच्या परिसरात पकडलेल्या माश्यांच्या डीएनएवरून कोणत्या माश्या कोणत्या घरच्या हे ओळखून २००५ साली अंतरांचा अंदाज बांधला गेला. बदामी शेपटीच्या माशीचा पल्ला निघाला ७५८ मीटर. दुसऱ्या दोन जातींचा साडेचारशेच्या आसपास. आणि लांब कोण जाऊ शकतं? मोठी. मोठ्या अंगाची माशी लहानीपेक्षा दूरवर जाते, हे मधमाश्यांच्या सगळ्या कुळांत साधारण खरं आहे.

इथे जरा थांबा. फुलांची बेटं जिथे लांब लांब विखुरली आहेत तिथे मोठ्या माशीची गरज सगळ्यांत जास्त. आणि नेमक्या त्याच ठिकाणी अळीला खायला कमी, म्हणून तिथे माशी लहान घडते. जिला सर्वांत लांब जायचंय तिला घडवण्याची ऐपत त्या जागेत सर्वांत कमी. या विषयावर मी बरंच वाचलं, त्यातली ही एक गोष्ट मला सोडत नाही. (सगळीकडे सारखंच घडतं असं मात्र समजू नका. जर्मनीतल्या शहरांमध्ये बंबलबी आसपासच्या ग्रामीण भागापेक्षा मोठ्या सापडल्याचं २०२१ साली प्रसिद्ध झालं. शहरात फुलबागा असतात, आणि बागांमधली अंतरंही असतात. जागा एकाच वेळी दोन्ही बाजूंनी ओढत असते.)

आता दुसरी बाजू, कारण ती खरोखरच आहे. ॲरिझोनाच्याच संशोधकांनी २०१० साली दाखवलं, की उपाशी ठेवल्यावर लहान माश्या मोठ्यांपेक्षा जास्त काळ तग धरतात. लहान अंगाला कमी लागतं. म्हणजे टंचाईत वसाहतीनं लहान मुली काढल्या तर तो शहाणपणाही असू शकतो. कमी अन्नात जास्त हात. कोणी म्हणेल, बघा, निसर्गानं जुळवून घेतलं. माशी लहान आहे, पण ठणठणीत आहे. तुमची तक्रार काय?

हे वाक्य आपण मराठी माणसांनी आधी ऐकलेलं आहे, माशांबद्दल नव्हे, माणसांबद्दल. आणि त्या वादाची मोठी लढाई पुण्यात झाली.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. जन्म १९११. संख्याशास्त्रातलं फार मोठं नाव. रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे १९५१ ते १९७० प्रमुख. निवृत्तीनंतर ते पुण्यात आले. त्याच सुमारास, १९७१ मध्ये, गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचं भारतातल्या दारिद्र्यावरचं पुस्तक आलं. माणशी रोज २२५० कॅलरी मिळवून देणारा खर्च ही त्यांची दारिद्र्यरेषा. सुखात्म्यांचा आक्षेप मूलगामी होता. त्यांचं म्हणणं, माणसाचं शरीर म्हणजे ठरावीक तेल जाळणारा दिवा नव्हे. एकाच माणसाची गरज आठवड्या-आठवड्याला बदलते. कमी मिळालं तर शरीर एका मर्यादेत काटकसरीनं चालायला शिकतं. तेव्हा सरासरीच्या खाली असलेल्या प्रत्येकाला उपाशी धरलं तर भुकेल्यांचा आकडा अकारण फुगतो. शिवाय स्वच्छ पाणी आणि आरोग्याची सोय नसेल तर नुसतं धान्य वाढवून अंगी लागत नाही, हेही ते सांगत. हा मुद्दा तर आज सगळेच मान्य करतात.

दांडेकरांनी त्यांना लेखी उत्तरं दिली, सुखात्म्यांनी त्यांना. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिड सेक्लर या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं याच विचाराला पुढे नेऊन नाव दिलं: लहान पण निरोगी. गरिबांघरची पुष्कळशी मुलं खुजी आहेत, आजारी नाहीत, असा त्याचा आशय. यावर सी. गोपालन या पोषणशास्त्रज्ञानं जो हल्ला चढवला त्याचा रोख असा होता, की लहान म्हणजे निरोगी हे सूत्र तुम्ही फक्त गरिबांना लावता, श्रीमंतांना नाही.

मी या वादात कुठे आहे ते सांगते. माझी आजी पावणेपाच फुटांची होती. अठ्ठ्याऐंशी वर्षं जगली. तिला दुबळी म्हणायची कोणाची टाप नव्हती. दोन हंडे डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन ती विहिरीवरून यायची. तिच्यावर अन्याय झाला असं तिच्या तोंडावर कोणी म्हटलं असतं तर तिनं त्याला हाकलून दिलं असतं. सुखात्मे बरोबर होते याचा चालता-बोलता पुरावाच ती. आणि तरी, इथे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं मुलांच्या उंचीच्या खुणा केलेल्या असतात. आमच्याही आहेत. माझी मुलगी बारा वर्षांची असतानाच तिची खूण पणजीच्या डोक्यावरून पुढे गेली. रक्त तेच. बदललं ते ताट, पाणी आणि गोळ्या-औषधं. त्या खुणा बघितल्यावर आजीला जे मिळालं नाही त्याचं माप भिंतीवर दिसायला लागतं. एरवी ते दिसलंच नसतं, कारण आजीच्या पिढीत तिच्या गल्लीतल्या सगळ्याच बायका तेवढ्याच होत्या.

आजीच्या चिवटपणाचं कौतुक करावं, जरूर करावं. पण तिला चिवट व्हायला लावणाऱ्या रिकाम्या ताटाला त्या कौतुकातला वाटा देऊ नये. सुखात्म्यांच्या युक्तिवादात शरीर काय करतं याचं वर्णन होतं. वर्णनापासून पुढे सरकून 'मग चाललंय ते ठीकच आहे' इथे पोचायला मध्ये एक उडी लागते, आणि ती उडी शास्त्राच्या बळावर मारता येत नाही.

परदेशात आलेल्या आपल्याला 'जुळवून घेणं' हा शब्द फार प्रिय आहे. आपण त्यावर सत्कार समारंभ करतो. पण आपण बहुतेक जण निवडून आलो, आणि जमलं नाही तर परतीचं तिकीट होतं. अळीला जुळवून घ्यायची निवड नसते. तिच्या वतीनं ते आधीच केलेलं असतं, कुणाच्या तरी पीक-नियोजनात.

आता तुम्ही म्हणाल, आजी आणि माशी एका तागडीत घालू नका. रास्त आहे. माशीला काय वाटतं, काही वाटतं का, हा प्रश्न वेगळा आहे. २०२२ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं, की बंबलबी लाकडाचे छोटे चेंडू पुन्हा पुन्हा लोळवतात. बक्षीस काही नाही, तरी. तरुण माश्या म्हाताऱ्यांपेक्षा जास्त. खेळाला दुसरं नाव सुचेना. त्याच वर्षी ब्रिटनच्या संसदेनं प्राण्यांच्या संवेदनशीलतेचा कायदा केला. त्यात पाठीचा कणा असलेले प्राणी आले, ऑक्टोपस आणि खेकडेही आले. कीटक नाहीत. मला यावर निकाल द्यायचा नाही. माझा मुद्दा त्यापेक्षा लहान आहे: 'तिला कधी मोठं असणं माहीतच नव्हतं, मग तिनं गमावलं काय' हा बचाव माशीच्या बाबतीत चालवून घेतला, तर तो आपल्याला सवयीचा होतो. कडेच्या पानावर बसलेल्याला पहिल्या पानावरचं श्रीखंड दिसलं नाही, म्हणून त्याचं काही कमी झालं नाही असं होत नाही. अंडं तेच होतं. मध्यभागी असतं, किंवा दोन शेतं पलीकडे असतं, तर त्याची मोठी माशी झाली असती. तुलना करण्यासाठी तिला स्वतःला ठाऊक असण्याची गरज नाही. आपल्याला ठाऊक आहे.

आणि ठाऊक नसेल तर ते शोधून काढावं लागतं, कारण सगळीच माशी हळूहळू बदलली तर शेजारीण बघून काहीच कळत नाही. नेदरलँड्समध्ये संग्रहालयांत टाचणीला टोचून ठेवलेल्या जुन्या माश्या मोजल्या गेल्या. सुमारे दीडशे वर्षांच्या काळात मोठ्या आकाराच्या रानटी मधमाश्यांच्या माद्या लहान होत गेल्याचं २०१६ साली छापून आलं. तो ड्रॉवर म्हणजे त्यांची चौकटीवरची पेन्सिलीची खूण.

हे सगळं कोणा दुष्टानं केलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात या बेटावर उपासमारीची भीती खरी होती. शिधापत्रिका इथे १९५४ पर्यंत चालल्या. १९४७ च्या शेती कायद्यानं शेतकऱ्याला भावाची हमी दिली आणि त्यानं मागितलं तेवढं पिकवलं. त्याआधी लाल क्लोव्हर हे इथलं घरचं पीक होतं: जमिनीला नत्र, घोड्याला वैरण, आणि कोणी मुद्दाम न ठरवता, लांब जिभेच्या बंबलबीला मकरंद. गोणीतलं खत आलं, ट्रॅक्टर आला, घोडा गेला, त्याच्यामागे क्लोव्हर गेलं. इंग्लंड आणि वेल्समधली फुलांची गवताळ कुरणं १९३० च्या दशकापासून १९८४ पर्यंत ९७ टक्के संपली. पोटं भरली, यात शंका नाही. त्या गव्हाच्या पोळ्या आपणही खाल्ल्या.

लांब जिभेच्या त्या माश्यांपैकी एकीची हकीकत परदेशस्थ मराठी वाचकाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आखूड केसांची बंबलबी ब्रिटनमध्ये शेवटची दिसली १९८८ साली, केंटच्या किनाऱ्यावर डंजनेसला. २००० साली ती या देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. पण एकोणिसाव्या शतकात इथल्या बंबलबी बोटीनं न्यूझीलंडला नेल्या होत्या, तिथल्या क्लोव्हरला बी धरावं म्हणून. १८८५ साली तिथे पोचलेल्यांमध्ये हीही होती, आणि घरी वंश बुडाला तरी तिथे नातवंडं-पणतवंडं नांदत होती. आधी त्यांनाच परत आणायचा बेत झाला. ते जमलं नाही; मोजक्या पूर्वजांचा गोतावळा, आपसांतच वाढलेला. शेवटी २०१२ मध्ये राण्या आणल्या त्या स्वीडनहून, त्याच स्कोना प्रांतातून. मला या प्रयत्नातली एक गोष्ट आवडते. माशी आणण्याआधी डंजनेस आणि रॉमनी मार्शच्या शेतकऱ्यांनी बांधाला फुलांचे पट्टे लावले. माशीला सांगितलं नाही, ये आणि जुळवून घे. आधी पान वाढलं.

असं पान वाढल्यानं फरक पडतो का, याचं बऱ्यापैकी खंबीर उत्तर आहे. बकिंगहॅमशायरमधल्या हिल्सडेन इस्टेटवर माश्यांच्या डीएनएवरून घराणी ओळखून, एका वर्षीच्या कामकरींच्या बहिणी, म्हणजे नव्या राण्या, पुढच्या वसंतापर्यंत टिकल्या का, हे पाहिलं गेलं. २०१७ साली 'नेचर'मध्ये निष्कर्ष आला: घरट्यापासून २५० ते १००० मीटरच्या आत फुलांची चांगली जागा जितकी जास्त, तितकी घराणी जास्त टिकतात. हे अंतर म्हणजे आपण कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला जातो तेवढं.

तुमच्या परसातलं लव्हेंडर किंवा दुधी-टोमॅटोच्या शेजारी फुलावर येऊ दिलेला कांदा यांनाही अर्थ आहेच. लंडन आणि आसपासच्या वसाहतींवर रॉयल हॉलोवेनं केलेल्या कामात, २०१८ साली, शेतीतल्या वसाहतींपेक्षा शहरातल्या आणि खेड्यांतल्या वसाहती सरस ठरल्या होत्या. बागा त्यांना तारतात. पण या देशाची सुमारे ७० टक्के जमीन शेतीखाली आहे, आणि बागेतल्या कुंडीनं तिथल्या अळीचं पोट भरत नाही. कुंडी लावून आपल्याला हलकं वाटतं. या हलकेपणाबद्दल मी जरा साशंक असते.

आमच्या गावाबाहेर साडेतीनशे एकर कसणारा एक शेतकरी आहे, साठीचा, मितभाषी. फिरायला जाते तेव्हा फाटकाशी भेटतो. त्याच्याशी बोलताना उपयुक्ततेचा मुद्दा मी एकदा काढून पाहिला: माशी टिकली तर तुमचंच पीक वाढेल. तो हसला. म्हणाला, गव्हाला माशी लागत नाही. खरं आहे, गहू स्वतःच स्वतःला फळवतो. रेपचंही माशीवाचून बऱ्यापैकी निभावतं. घेवड्यासारखी जनावरांच्या खाण्याची शेंग तो दर चार-पाच वर्षांनी एका शेतात लावतो, तिला लागते. तेव्हा निव्वळ हिशेब मांडायचा तर माशी लहान झाली काय, मोठी झाली काय, त्याच्या बॅलन्सशीटवर फरक नाही. त्याच्या त्या उत्तरानंतर माझ्याकडे नैतिक मुद्द्याशिवाय काही उरलं नाही, आणि फाटकाशी उभं राहून नैतिक मुद्दा मांडायला जीभ चटकन उचलत नाही, विशेषतः तेल आपण सगळ्यांत स्वस्त बघून घेत असताना.

तरी त्याच्या सर्वांत मोठ्या शेताच्या उत्तरेच्या कडेला सहा मीटर रुंदीचा पट्टा आहे. लाल क्लोव्हर, नॅपवीड, बर्ड्‌स फूट ट्रेफॉइल. सरकारी योजनेतून त्याचे पैसे मिळतात, तीन वर्षांचा करार. जुलैमध्ये सगळीकडे गहू पिकत असताना तेवढीच एक पट्टी गुणगुणत असते, आणि तिथे मी मोठ्या माश्याही पाहिल्या आहेत, लहानही. कोणाच्या घरच्या कोण, हे मला नुसतं पाहून सांगता येत नाही. करार पुढच्या वर्षी संपतो. उत्तरेची कडा तशीही सावलीत, तिथे गहू बेताचाच येतो, असं तो म्हणतो. पण नवीन पेरणीयंत्र रुंद आहे आणि पट्टा मधे आला की वळायला त्रास होतो, असंही म्हणतो. ठेवायचा की नांगरायचा, हे त्यानं अजून ठरवलेलं नाही.